सत्तरच्या दशकातली विज्ञानकथांची खेळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरच्या खोक्यातून बाहेर आलेली फिगर (म्हणजे एखाद्या पात्राची छोटी बाहुली), हात तुटलेला यंत्रमानव, पिवळं पडलेलं अवकाशयान: अशी वस्तू हाती आली की बहुतेक जण आधी ती चकचकीत करायला बसतात. आमचा आग्रह उलट आहे. आधी वस्तू ओळखा, मग धुवा, आणि दुरुस्ती अगदी गरजेपुरतीच करा. या खेळण्यांचं सगळ्यात जास्त नुकसान पन्नास वर्षांत झालेलं नसतं, सफाईच्या एका दुपारी होतं.

या दशकातली विज्ञानकथांची खेळणी म्हणजे नेमकी कोणती?

दशकाचे सरळ दोन भाग पडतात. ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याआधीचा आणि त्यानंतरचा.

आधीच्या काळात टीव्हीचं राज्य होतं. मेगो कंपनीच्या आठ इंची, कापडी कपड्यांतल्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ आणि ‘स्टार ट्रेक’च्या फिगर १९७४ च्या आसपासच्या. केनर कंपनीचा तेरा इंची ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ १९७५ चा. ब्रिटनमध्ये गेरी अँडरसनच्या ‘यूएफओ’ आणि ‘स्पेस: १९९९’ या मालिकांची डिंकीची धातूची याने होती, आणि मॅटेलचं ‘स्पेस: १९९९’मधलं जवळपास अडीच फूट लांबीचं ‘ईगल’ यान १९७६ मध्ये आलं. जपानमध्ये पॉपीने १९७४ मध्ये माझिंगर झेड हा चोगोकिन मालिकेतला पहिला धातूचा यंत्रमानव काढला. त्याच वर्षी ताकाराचा ‘मायक्रोमॅन’ आला आणि तोच पुढे १९७६ पासून अमेरिकेत मेगोच्या वेष्टनात ‘मायक्रोनॉट्स’ म्हणून विकला गेला.

नंतरच्या काळात फिगर छोट्या झाल्या आणि बाकीच्या खेळण्यांत विजेचे दिवे लागले: केनरच्या पावणेचार इंची फिगर, सायमन हा दिव्यांचा खेळ, बिग ट्रॅक हे आज्ञा देऊन चालवायचं चाकांचं यान, रॉम हा अवकाशयोद्धा. मॅटेलचे शोगुन वॉरियर्स हे यंत्रमानव मात्र याच काळात दोन फूट उंचीचे निघाले.

‘स्टार ट्रेक’ मालिका १९६९ मध्ये संपली. मग खेळणी पाच वर्षांनी का आली?

पुनःप्रसारणामुळे. पहिल्या खेपेला मालिका तीनच वर्षं चालली, पण नंतर स्थानिक वाहिन्यांनी ती रोज संध्याकाळी, शाळेतून मुलं घरी येण्याच्या वेळेला दाखवायला सुरुवात केली. मेगोचे कर्क आणि स्पॉक विकत घेणाऱ्या मुलांनी मालिका या पुनःप्रसारणातच पाहिली होती. म्हणून सत्तरच्या दशकातल्या मुलाच्या आठवणीत ‘स्टार ट्रेक’ असणं हा घोटाळा नाही.

पावणेचार इंच हे माप कुठून आलं?

यानांसाठी. बारा इंची बाहुल्याला बसता येईल असं ‘स्टार वॉर्स’मधलं मिलेनियम फाल्कन यान बनवायचं म्हटलं तर ते खोलीत मावणार नाही. फिगर लहान केली की याने, तळ, लढाया सगळं शक्य होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर प्लास्टिक महागलं होतं, त्यामुळे लहान माप परवडणारंही होतं. मायक्रोनॉट्सचं माप जवळपास तेच होतं, आणि त्यांच्या भागांना पाच मिलिमीटरच्या खुंट्या-भोकं असल्यामुळे एका यानाचे पंख दुसऱ्याच्या पाठीवर लागायचे. आमच्या मते या दशकातलं सगळ्यात हुशारीचं खेळणं तेच.

मेगोला ‘स्टार वॉर्स’चा परवाना देऊ केला होता आणि त्यांनी तो नाकारला, ही गोष्टही खरी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेगो दिवाळखोरीत गेली.

१९७७ च्या नाताळात मुलांना खरंच रिकामं पाकीट मिळालं होतं का?

हो. चित्रपट मे महिन्यात आला, साचे वेळेत तयार होणं अशक्य होतं. म्हणून केनरने ‘अर्ली बर्ड’ नावाचं पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. त्यात एक प्रमाणपत्र, स्टिकर, क्लबचं कार्ड आणि फिगर मांडायचं पुठ्ठ्याचं स्टँड असे. प्रमाणपत्र भरून पाठवलं की १९७८ मध्ये टपालाने चार फिगर घरी येत: ल्यूक, लिया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू. यातल्या काही ल्यूकच्या हातातली तलवार दोन टप्प्यांत लांब होते. नंतर तो भाग एकाच टप्प्याचा केला. दोन टप्प्यांचं टोक केसासारखं बारीक असतं. ‘चालतं का बघू’ म्हणून ते कधीही ओढू नका.

‘स्टार वॉर्स’मधला रॉकेट उडवणारा बोबा फेट कुठे मिळेल?

दुकानात तो कधीच विकला गेला नाही. १९७९ मध्ये केनरला चार खरेदीपुरावे पाठवले की पाठीतून रॉकेट उडवणारा बोबा फेट मिळेल अशी जाहिरात होती. त्याच सुमारास मॅटेलच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ यानांमधलं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एका लहान मुलाचा मृत्यू झाला. मॅटेलने खेळणी परत मागवली, आणि केनरने बोबा फेटचं रॉकेट पाठीतच पक्कं बसवून पाठवलं. आज जे उडणारे नमुने आहेत ते कारखान्यातले प्रायोगिक आहेत, अगदी मोजके, आणि त्यांच्या नकला मात्र ढिगाने आहेत. जुन्या खोक्यात ‘उडणारा’ सापडला तर तो नंतरची प्रतिकृती आहे असंच धरून चाला.

पायावर १९७७ लिहिलंय. म्हणजे फिगर १९७७ ची का?

नाही. पायामागचं साल हे स्वामित्वहक्काचं असतं, उत्पादनाचं नव्हे. केनरच्या पहिल्या फिगरवर ‘जीएमएफजीआय’ ही अक्षरं दिसतात. जनरल मिल्स या मूळ कंपनीच्या खेळणी विभागाचं ते लघुरूप. तोच साचा वर्षानुवर्षं वापरला गेला, त्यामुळे १९७७ चा पाय असलेली फिगर १९८३ च्या वेष्टनाच्या पुठ्ठ्यावरही मिळते.

पुठ्ठा शिल्लक असेल तर काळ लावणं सोपं जातं. पाठीमागे किती फिगरची छायाचित्रं आहेत ते मोजा: बारा असतील तर पहिली खेप, वीस किंवा एकवीस असतील तर त्यानंतरची. सुटी फिगर असेल तर देशाचं नाव, अक्षरांचा आकार, रंगकामाची छटा आणि हान सोलोच्या बाबतीत डोक्याचा आकारही बघावा लागतो. लहान आणि मोठं अशी दोन्ही डोकी कारखान्यातूनच आली आहेत. एका खुणेवरून निकाल देऊ नका. निदान तीन जुळल्या पाहिजेत.

अस्सल हत्यार पाण्यावर तरंगतं म्हणतात. ही चाचणी खरी आहे का?

अर्धी खरी. यामागचं कारण कळलं की तिचा उपयोग कुठे करायचा हे आपोआप कळतं. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून ती तरंगतात. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिस्टायरीन साधारण १.०५, एबीएस हे कडक प्लास्टिक १.०४ च्या आसपास, आणि पीव्हीसी (म्हणजेच विनाइल) त्याहून बरंच जड. ही तिन्ही बुडतात. केनरची बरीच छोटी हत्यारं हलक्या प्लास्टिकची होती, आणि सुरुवातीच्या नकला जड प्लास्टिकच्या किंवा ओतीव राळेच्या होत्या. तेव्हा चाचणी चालून गेली. पण काही अस्सल हत्यारं बुडतात आणि आजच्या चांगल्या नकला मजेत तरंगतात.

करायचीच असेल तर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. नाहीतर बुडबुडे आणि पृष्ठताण यांमुळे जड तुकडाही वर राहतो. हत्यार पूर्ण बुडवून बोटाने सोडा आणि मग बघा. त्यानंतर भिंगाखाली कडा तपासा. अस्सल भागाच्या साच्याची रेघ बारीक आणि सरळ असते. प्रतिकृतीत ती जाड असते, बारकावे गोलसर झालेले असतात, आणि मूळ वस्तूवरून साचा घेतल्यामुळे तुकडा किंचित आखूड भरतो. ज्याची अस्सलता पक्की माहीत आहे असा एक तुकडा शेजारी ठेवून तुलना करणं याला पर्याय नाही.

जावाचा विनाइलचा झगा

जावा ही ‘स्टार वॉर्स’मधली बुटकी पात्रं. सुरुवातीच्या काही जावांना पातळ विनाइलचा झगा होता, लवकरच तो कापडी झाला. विनाइलचा दुर्मीळ म्हणून बेन केनोबीचा झगा कापून जावाला चढवायची फसवणूक फार जुनी आहे. बाहीच्या भोकांच्या कडा आणि खालची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते का, पोत आणि छटा केनोबीच्या झग्याशी जुळते का, हे बघा. वेष्टनाबाहेरच्या सुट्या विनाइल झग्यावर जाणकार माणसाने हातात घेऊन पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

पहिल्यांदा धुताना काय करावं?

कोमट पाणी, म्हणजे हाताला जेमतेम उबदार लागेल इतकं. एक लिटरला भांडी घासायच्या साध्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब. मऊ केसांचा दातांचा ब्रश, सांध्यांसाठी लाकडी टूथपिक. फिगर पाण्यात बुडवून ठेवायची नाही. ब्रश ओला करून घासायचं, स्वच्छ पाण्याने पुसायचं, आणि सांधे खाली करून एक दिवस सावलीत सुकू द्यायचं. सांध्यात पाणी राहिलं की आतल्या धातूच्या पिना गंजतात आणि तो गंज प्लास्टिकवर तांबडा डाग सोडतो.

हे चुकूनही नको: ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर, कारण पॉलिस्टायरीन आणि एबीएस त्यात विरघळतात. मेलामाइनचा पांढरा ‘जादूचा’ स्पंज हा खरं तर अतिबारीक पॉलिश पेपर आहे, डोळे-भुवयांचा रंग दोन फटक्यांत जातो. डिशवॉशर तर नकोच.

काही वस्तूंना पाणी लावण्याआधी थांबा. आर-टू-डी-टूच्या धडाभोवती कागदी स्टिकर गुंडाळलेला आहे, तो भिजला की संपलं. सी-थ्री-पीओ आणि मायक्रोनॉट्सची चकाकणारी डोकी यांवर धातूचा अतिशय पातळ मुलामा आहे. त्यावर फक्त कोरडा मऊ ब्रश, तोही हलक्या हाताने. मुलामा एकदा गेला की परत आणता येत नाही. ‘सोनेरी रंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

फिगर हाताला चिकट लागते. साबणाने धुतली तरी महिन्याभरात परत तसंच.

मऊ पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि धूळ धरतं. ही घाण बाहेरून आलेली नाही, त्यामुळे ती एकदा धुऊन कायमची जात नाही. वरच्या पद्धतीने धुवा, नीट सुकवा, हवेशीर जागी ठेवा, वर्षातून एकदा पुन्हा करा. टाल्कम पावडर लावू नका: ती खाचांमध्ये पेंड होऊन बसते. बंद पिशवीतही कोंडू नका.

याच द्रव्याचा दुसरा त्रास अनेकांच्या लक्षात येत नाही. मऊ विनाइलची वस्तू कडक पॉलिस्टायरीनला टेकून महिनोन्महिने राहिली तर ते द्रव्य कडक प्लास्टिकमध्ये शिरतं आणि तिथे वितळल्यासारखा खड्डा पडतो. यानाच्या पारदर्शक झाकणावर फिगरच्या डोक्याचा ठसा उमटलेला दिसतो तो असा. म्हणून चालकाला कायम आत बसवून ठेवू नका. ठेवायचंच असेल तर मध्ये पॉलिइथिलीनची पातळ फिल्म घाला.

पांढरं एक्स-विंग यान पिवळं पडलंय. रेट्रोब्राइट करावं का?

एबीएसमध्ये ब्युटाडाईन हा रबरी घटक असतो. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी तो बदलतो आणि रंग पिवळा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश एकत्र वापरून तो पांढरा करण्याची ‘रेट्रोब्राइट’ ही पद्धत २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या शौकिनांत पसरली आणि तिथून खेळण्यांत आली.

पद्धत चालते, पण प्लास्टिक तरुण होत नाही. पिवळेपणा काही महिन्यांत किंवा वर्षांत परतू शकतो, आणि जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभाग खडूसारखा आणि ठिसूळ होतो. हलकी पिवळी झाक असेल तर आम्ही हात लावायला सांगत नाही. एक पंख पांढरा आणि तीन पिवळे असं यान असेल तेव्हा मात्र हा उपाय योग्य.

करायचंच तर यान पूर्ण उघडा. बॅटरीचे पत्रे, स्क्रू, दिवा, स्टिकर असलेले भाग बाजूला काढा. रंगवलेला कोणताही भाग यात घालू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ३ ते ६ टक्के द्रव पेरॉक्साइड घ्या, भाग पूर्ण बुडला पाहिजे. तरंगत असेल तर काचेचं वजन ठेवा, धातूचं नको, धातूने पेरॉक्साइडचं विघटन होतं. झाकण सैल ठेवा, कारण वायू सुटतो. घट्ट बंद डबा फुटू शकतो. उन्हात ठेवा, दर तासाने भाग फिरवा, तीन-चार तासांनी बाहेर काढून धुऊन बघा. हवा तेवढा रंग येण्याच्या थोडं आधीच थांबा. केस रंगवण्याची १२ टक्क्यांची क्रीम स्वस्त आणि सोपी वाटते, पण ती असमान सुकते आणि ढगांसारखे पट्टे उमटतात. ते पट्टे काढणं पिवळेपणा काढण्यापेक्षा अवघड. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावूनच काम करा.

बॉलपेनची शाई

मऊ विनाइलवर मुरुमांसाठी मिळणारी ५ ते १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडची क्रीम फक्त डागावर लावा, वरून प्लास्टिकची फिल्म ठेवा, प्रकाशात काही तास ठेवून धुवा. कमी पडलं तर पुन्हा करा. ही क्रीम मूळ रंगही उडवते, म्हणून रंगीत विनाइलवर आधी पाठीमागे तपासा. कडक प्लास्टिकवर तिचा उपयोग नाही.

बॅटरीच्या कप्प्यात पांढरं-हिरवं काहीतरी साचलंय

आधी कोणती बॅटरी होती ते बघा, कारण उपाय उलटे आहेत. जुन्या झिंक-कार्बन सेलमधून आम्लधर्मी गळती होते. तिला खाण्याच्या सोड्याचं पातळ द्रावण लागतं. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, त्याला पांढरं व्हिनेगर. सेल उरला नसेल आणि कळत नसेल तर आधी कोरडा थर लाकडी काडीने खरवडा, मग व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसलं तर ती अल्कलाइनची जुनी गळती.

कापसाची काडी ओली करून पुसा. द्रावण ओतू नका, ते फटीतून आत जातं. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने, शेवटी ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पत्र्यावरचा काळेपणा पेन्सिलच्या खोडरबराने निघतो. सँडपेपर लावला तर निकेलचा थर जातो आणि पुढच्या पावसाळी हवेत पत्रा गंजतो.

एवढं करूनही खेळणं चालत नसेल तर वायर तपासा. गळती तांब्याच्या तारांमधून आवरणाखाली वर चढते. पत्र्याजवळ आवरण अर्धा सेंटिमीटर सोला. तार काळी-हिरवी निघाली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा आणि नवी वायर जोडा. काळ्या तारेला झाळ धरत नाही, कितीही फ्लक्स लावा.

मेगोच्या फिगरचे हातपाय लोंबतात. इलॅस्टिक कसं बदलायचं?

आठ इंची मेगोच्या धडात इलॅस्टिक असतं आणि हातपाय त्याच्या ताणाने जागेवर राहतात. ते सुकलं की सगळं सुटतं. धड चिकटवून बंद केलेलं आहे, ते उघडायचा प्रयत्न करू नका. काम खांद्याच्या आणि कंबरेच्या भोकांमधून होतं.

कपडे आधी उतरवा. हात सगळ्यात नाजूक: मनगटाजवळ जुनं विनाइल चटकन फाटतं. पंजावर पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, म्हणजे बाही अडकत नाही. बूट निघत नसतील तर कोमट पाण्यात दोन मिनिटं धरून मग काढा. आतले धातूचे आकडे शाबूत असतील तर ते जपून ठेवा, नवे मिळाले तरी जुनेच नीट बसतात. गोल इलॅस्टिक दोरी जुन्या तुकड्याएवढ्याच जाडीची घ्या. बारीक क्रोशाची सुई एका खांद्यातून घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढा, दोरीचा फास ओढून आणा, दोन्ही हात लावा आणि मगच पायांकडे वळा. ताण किती हवा? हात आडवा केला तर तिथेच राहिला पाहिजे, पण सोडल्यावर खांदा धडात रुतता कामा नये. फार घट्ट ओढलं तर काही महिन्यांत खांद्याच्या भोकाच्या कडेला चीर जाते, आणि त्या चिरेवर इलाज नाही.

गुडघ्यात धातूची पिन दिसत असेल तर धड आधीच्या प्रकारचं आहे, प्लास्टिकची असेल तर नंतरच्या. एका प्रकारचे पाय दुसऱ्याला लावू नका. आणखी एक: ‘स्टार ट्रेक’च्या फिगरबरोबरचे फेझर, कम्युनिकेटर, ट्रायकॉर्डर हे हातातले छोटे तुकडे निळ्या प्लास्टिकचे होते. टीव्हीवर ते काळे-करडे दिसतात म्हणून निळे तुकडे नकली समजून फेकू नका.

‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’च्या हातावरची कातडी गुंडाळत नाही

ती रबरासारखी कातडी वर गुंडाळली की खाली काढता येणारे यांत्रिक भाग दिसतात, हीच या फिगरची सगळी गंमत होती. आता ती कडक किंवा चिकट झालेली असते. गुंडाळू नका, पहिल्याच घडीला फाटेल. आहे तशी सपाट ठेवा. दाखवण्यासाठी प्रतिकृतीची कातडी चढवून मूळ कातडी वेगळी जपता येते. डोक्यातल्या भिंगातून दूरचं जवळ दिसत नाही, उलट लहान दिसतं. तो बिघाड नाही, भिंगच तसं आहे.

शोगुन वॉरियरची मूठ तुटली. कोणता गोंद?

कोणताच नाही. ही मोठी धडं पॉलिइथिलीनची, म्हणजे शाम्पूच्या बाटलीच्या प्लास्टिकची. त्यावर गोंद धरत नाही. आतून बारीक स्क्रू किंवा पिन घालून यांत्रिक जोड द्या. कडक पॉलिस्टायरीनला मॉडेलसाठीचा द्रावक गोंद उत्तम बसतो. सुपरग्लू पारदर्शक भागांजवळ वापरू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं बसतं आणि ते निघत नाही.

सुटलेले स्टिकर मात्र वाचवता येतात: मिथाइल सेल्युलोजची पातळ खळ मागच्या बाजूला लावा, जागेवर ठेवा, वर सिलिकॉनचा कागद आणि हलकं वजन. पाण्याने ही खळ पुन्हा सुटते, म्हणून उद्या कुणाला चूक दुरुस्त करता येईल.

डिंकीच्या ईगलचा हिरवा रंग मूळचा आहे का?

हो, सुरुवातीची हिरवीच होती. मालिकेत यान पांढरं होतं, नंतरच्या खेपांत रंग बदलला. पांढरं करण्यासाठी जुना रंग खरवडू नका. डिंकीचा लिव्हरपूलचा बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद झाला, तेव्हा त्या रंगाचं दुसरं यान आता बनणार नाही. जस्ताच्या ओतकामात शिशाची अशुद्धी असेल तर धातू आतून फुगून तडकतो. केसासारख्या भेगा दिसल्या तर यान कोरड्या जागी वेगळं ठेवा. याला उपाय नाही, फक्त वेग कमी होतो.

टू-एक्सएल बोलत नाही

मेगोच्या १९७८ च्या या शिकवणाऱ्या यंत्रमानवाच्या पोटात आठ-ट्रॅकची कॅसेट असते. उत्तराचं बटण म्हणजे ट्रॅक बदलणं, बाकी काही नाही. म्हणूनच एवढ्या साध्या यंत्रातून संभाषणाचा भास होतो. बिघाड बहुधा कॅसेटमध्ये असतो. टेप दाबून धरणारा स्पंज भुगा होतो, आणि न संपणाऱ्या टेपचा जोड सुटतो. कॅसेट लावण्याआधी उघडून दोन्ही बघा. जोड सुटलेला असताना लावली तर टेपचं टोक आत ओढलं जातं आणि सगळी टेप गुंतते. स्पंजची पट्टी त्याच जाडीची लावा, जाड लावली तर टेप अडते. यंत्रातला रबरी पट्टा सैल असेल तर आवाज खाली उतरतो.

सायमन आणि बिग ट्रॅकचं काय?

दोन्ही मिल्टन ब्रॅडलीचे, १९७८ आणि १९७९ चे, आणि दोन्हींच्या आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस १००० चिप. बिग ट्रॅकला दोन वेगळ्या पुरवठ्यांची गरज असते: मोटरसाठी चार मोठे डी सेल, मेंदूसाठी ९ व्होल्टची बॅटरी. बटणांना आवाज येतो पण चाकं फिरत नाहीत, तर डी सेलचे पत्रे बघा. उलट असेल तर ९ व्होल्टची क्लिप. सोळा पायऱ्यांपुढे आज्ञा घेत नाही, ती मर्यादा मूळचीच. चिप गेली असेल तर दुसऱ्या मोडक्या यंत्रातूनच घ्यावी लागते.

व्ह्यू-मास्टरच्या (डोळ्यांना लावून चित्रं पाहायच्या खेळण्याच्या) चकत्या लाल झाल्या

कोडाक्रोम फिल्मच्या चकत्यांचे रंग आजही टिकून आहेत. दशकाच्या शेवटी वेगळी फिल्म वापरली गेली, तिचा निळा-हिरवा उडाला आणि लाल उरला. चकतीवर काही करू नका. सातही जोड्या स्कॅन करून रंग संगणकावर सुधारा.

मुलांना यांच्याशी खेळू द्यावं का?

तीन वर्षांखालच्या मुलांना अजिबात नाही. अमेरिकेत लहान भागांचा नियम १ जानेवारी १९८० पासून लागू झाला. त्याआधीच्या खेळण्यांची ती तपासणी झालेलीच नाही. जुन्या रंगांत आणि प्लास्टिकमध्ये शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, त्यामुळे तोंडात जाणारं कोणतंही खेळणं यात नको. मोठ्या मुलांना सुट्या, झिजलेल्या फिगर खुशाल द्या आणि खेळून झाल्यावर हात धुवायला सांगा. ही खेळणी जमिनीवर गुडघे टेकून खेळण्यासाठीच बनली होती.

ठेवायची कशी?

तापमान १८ ते २१ अंश, आर्द्रता ४० ते ५० टक्के, थेट ऊन नाही. माळा नको, तळघरही नको. एकात उष्णता, दुसऱ्यात बुरशी. पिशव्या पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन किंवा पॉलिएस्टरच्या. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या स्वस्त असतात, पण त्या फिगरला चिकटतात. पुठ्ठ्यावरच्या फिगर उभ्या ठेवा. आडवा गठ्ठा केला की खालच्या फिगरभोवतीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यांवर भार येतो आणि गोंद सुटतो. बॅटऱ्या प्रत्येक वेळी काढा, ‘उद्या परत लावायच्या आहेत’ असं असलं तरी. केनरच्या डेथ स्टारमधल्या कचराकुंडीचे स्पंजचे तुकडे वेगळ्या डबीत ठेवा, त्यांचा भुगा होऊन प्लास्टिकला चिकटतो.

प्रतिकृतीचा भाग लावला असेल तर त्याच्या आतल्या बाजूला पुसून जाईल अशा पेन्सिलीने खूण करा आणि डब्यात एक चिठ्ठी ठेवा: कोणता भाग नवा, केव्हा लावला, कोणता गोंद वापरला. पुढे ही वस्तू ज्याच्या हाती जाईल त्याला हे कळायला दुसरा मार्ग नसतो.